कामगार म्हणा

निर्मला गेल्याचं मला मुरबाडच्या एसटी स्टँडवर कळलं. मी सेकंड शिफ्टला निघालो होतो. तिच्याबरोबर पॅकिंगला असणाऱ्या भिमीचा फोन आला. "भाऊ, निर्मला पॅकिंगला उभी होती, तशीच पडली. डॉक्टर नाय म्हणाले."

आम्ही नवरा-बायको एकाच कंपनीत. मी परमनंट, ती ठेकेदाराकडे. आमच्याकडे रीत आहे. कामगार गेला की मयताची गाडी घरी नेताना गेटवर थांबवतात, मशिनी बंद करून सगळे बाहेर येतात. मी युनियनच्या अध्यक्षांना, धाकलूभाऊंना विचारलं.

"ती आपली कामगार नाय रे. ठेकेदाराची बाई."

गाडी गेटसमोरून सरळ गेली. आत मशिनी चालू होत्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, 'भरत भेरे यांच्या पत्नीचे दुःखद निधन.'

दिवाळीनंतर धाकलूभाऊ निवृत्त झाले. हॉलमध्ये सत्कार ठेवला. शाल घालायला सगळ्यात जुना सभासद म्हणून मला बोलावलं. मी शाल घेतली आणि माइकपाशी गेलो.

"भाऊ, निर्मला कामगार होती एवढं म्हणा. मग घालतो."

"घाल रे, मटण निवतंय!" खालून कोणीतरी ओरडलं. लोक हसले.

धाकलूभाऊंनी माइक ओढला. "भरतच्या मंडळींना मी श्रद्धांजली वाहतो."

"मंडळी नाय. कामगार म्हणा."

त्यांनी माइकवर हात ठेवला. "असं म्हटलं तर उद्या पॅकिंगच्या सगळ्या बाया सभासद व्हायला येतील. मालकाला काय सांगू?"

"मालकाची काळजी तुमाला कधीपासून?"

"बायको गेलीय म्हणून ऐकून घेतोय. दुसरा असता तर खाली ढकलला असता."

"ढकला की. मी परमनंट. मेलो तर मशिनी बंद होतील."

आता कोणी हसलं नाही. पॅकिंगच्या बायांना वाढायला बोलावलं होतं. त्या दारात उभ्या होत्या. भिमी म्हणाली, "बोला की धाकलूभाऊ. एकच शब्द हाय."

"तू जा गो, पत्रावळ्या मांड."

मी शाल खुर्चीवर टाकली आणि उतरलो. ती दुसऱ्या कोणीतरी घातली. टाळ्या मला रस्त्यावर ऐकू आल्या.

आता नवा अध्यक्ष आलाय. पॅकिंगच्या बाया अजून युनियनमध्ये नाहीत.