फक्त मॅडमचा तास ऑनलाइन

“आम्हाला सगळे तास वर्गात हवेत, सर. फक्त संख्याशास्त्राच्या मॅडमचा तास ऑनलाइनच राहू द्या,” वर्ग पुन्हा भरवण्यासाठी बोलावलेल्या विभागाच्या बैठकीत वर्गाची प्रतिनिधी उभी राहून म्हणाली.

मी मनात म्हटलं, घ्या! वर्षभर बंद कॅमेऱ्यांच्या काळ्या चौकोनांना शिकवून माझा जीव मेटाकुटीला आला होता. ‘आवाज येतोय का रे?’ हे मी झोपेतही विचारतो, असं बायको सांगायची. स्टाफरूममध्ये सगळे ऑनलाइनच्या नावाने बोटं मोडायचे. एकट्या या मॅडमना ते प्रकरण भलतंच मानवलं होतं. कानांवर मोठे हेडफोन चढवायच्या आणि तास संपला तरी पोरांशी बोलत बसायच्या. एरवी बाई कमालीच्या शिष्ट. शेजारच्या खुर्चीत बसता बसता मी रोज ‘नमस्कार मॅडम’ म्हणायचो, तर मान वर करतील तर शपथ! त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना महाराणी म्हणायचो.

विभागप्रमुखांनी चष्मा काढला. “का गं? त्यांच्याच तासाचं असं काय?”

“तिथे मॅडम आमचं ऐकतात, सर. अगदी शेवटपर्यंत. वर्गात असताना विचारावं एक आणि उत्तर यावं भलतंच. नाहीतर ‘पुढे बघू’ म्हणून विषय संपला.”

“अगं, असं तोंडावर काय बोलतेस!” मी म्हणालो.

“बोलू द्या तिला.” मॅडम मघापासून त्या मुलीच्या ओठांकडे टक लावून बघत होत्या. त्या उठल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. “खरंच बोलतेय ती. मला ऐकू येत नाही, सर. डावा कान कधीच गेला, आता उजवाही त्याच वाटेवर आहे. ऑनलाइनला आवाज वाढवता येतो, एका वेळी एकच जण बोलतो, कुणी प्रश्न लिहून पाठवतं. वर्गात मागच्या बाकावरचं काही म्हणजे काही कळत नाही. इतकी वर्षं कसंबसं निभावलं. आता वर्ग भरणार असतील तर नोकरी सोडायची, असं घरी सांगूनच आलेय मी.”

मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. स्टाफरूममध्ये माझी खुर्ची त्यांच्या डाव्या हाताला होती.

“एवढंच ना, मॅडम?” ती मुलगी एकदम म्हणाली. “अहो, मग आधी सांगायचं नाही का! आम्हाला वाटायचं, आमचे प्रश्नच फालतू असतात. मी तर तुमचा विषयच सोडणार होते!”

“फालतू?” मॅडम मटकन खाली बसल्या. “अगं वेडे, तुमचे प्रश्न ऐकायला मिळावेत म्हणून तर सगळी धडपड चालली होती माझी.” मग त्या रडल्या, आणि रडता रडता हसायला लागल्या.

“मग वर्गातच शिकवा ना. आम्ही प्रश्न मोबाइलवर लिहू, ते पडद्यावर दिसतील. तसंही तासाला मोबाइल आमच्या हातातच असतो.”

“ते माहीत आहे आम्हाला,” विभागप्रमुख म्हणाले आणि सगळे खो खो हसले. माझा जीव भांड्यात पडला. मॅडमचं काय झालं असेल, ते त्यांनाच ठाऊक.

वर्ग भरले त्या दिवशी मी लवकर जाऊन माझी खुर्ची उचलली आणि त्यांच्या उजवीकडे ठेवली. त्या आल्या, बसल्या.

“नमस्कार मॅडम,” मी जरा मोठ्यानेच म्हणालो.

त्यांनी चमकून वळून पाहिलं. “नमस्कार! कमाल आहे हो. मला वाटायचं, तुम्हीच शिष्ट. इतकी वर्षं शेजारी बसता, पण कधी साधा नमस्कार नाही.”

तेवढ्यात तासाची घंटा झाली. ती त्यांना ऐकू आली नाही, म्हणून मी दाराकडे बोट दाखवलं. त्या उठल्या, इतकी वर्षं कानांवर सोडलेले केस मागे घेऊन घट्ट बांधले आणि वर्गावर गेल्या.