उजव्या अंगठ्याची चेतापेशी

मी एक जुनी चेतापेशी आहे. एका शिंपीणबाईंच्या मेंदूत, डाव्या बाजूला, एकसष्ट वर्षं माझा मुक्काम. काम उजव्या अंगठ्याचं. मित्रांनो, मी पहिल्यापासूनच भित्री.

बाई नऊ वर्षांच्या असताना आत्याने त्यांना काज करायला शिकवलं. आमचा निरोप विजेच्या झटक्यासारखा धावतो आणि दोन पेशींमधली फट रसायनाच्या थेंबाने ओलांडतो. पहिल्या दिवशी आमच्या निरोपांचा नुसता गोंधळ. सुई बोटात गेली. आत्या म्हणाली, उसव आणि पुन्हा कर. दर वेळी आमची वाट थोडी रुळली. वर्षभरात बाई गप्पा मारत काज करू लागल्या. गिऱ्हाइकं हाताचं कौतुक करायची, माझं नाव कोण घेणार!

गेल्या महिन्यात मेंदूतल्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली. शेजारच्या पेशी एकेक करून गप्प झाल्या. मी हाका मारत राहिले, पण कुणी ओ देईना. त्यांच्या जागी आता नव्या येणार नाहीत. मी कशीबशी वाचले. उजवा हात मात्र लुळा पडला.

खरी भीती त्यानंतरची. सूनबाई फार प्रेमळ. बाईंची बटणं ती लावते, घास ती भरवते, उरलंसुरलं डावा हात करतो. मी बसून. आणि न वापरलेल्या वाटा आमच्याकडे हळूहळू बुजतात. त्या विचाराने माझा जीव थाऱ्यावर नाही.

आज व्यायाम शिकवणाऱ्या ताई आल्या. त्यांनी बाईंचा धडधाकट डावा हात चक्क पिशवीत घालून बांधला. सूनबाई कळवळली. ताई म्हणाल्या, "तुम्ही जेवढं कराल ना, तेवढं त्यांचा मेंदू सोडून देईल. जेवताना सांडलं तर सांडू द्या."

आता चमचा उजव्या हातात आहे. वाचलेल्या पेशींना गाठून मी आडवाटेने निरोप धाडते आहे. चमचा थरथरतो, निम्मा घास सांडला.

"राहू दे गं, तूच भरव," बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

सूनबाई खुर्चीवरून अर्धी उठली आहे. मित्रांनो, माझा आवाज तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तुम्ही तरी सांगा तिला. बस गं खाली, पोरी. आम्हाला चुकू दे.