विमा माझा होता, त्याचा नव्हता

मित्रांनो, मी एक जुनी भाड्याची स्कूटर आहे आणि मी चिडलेली आहे. आपली कहाणी सांगणाऱ्या जुन्या वस्तू बहुतेक वेळा सुस्कारे टाकतात. मला ते जमत नाही. भंगाराच्या आवारात एका उलट्या पडलेल्या फ्रीजला टेकून मी उभी आहे. पुढचं चाक वाकडं झालंय, आरसा एकच उरलाय, सीटमधून स्पंज बाहेर आलाय. पण बोलायला चाक लागत नाही. ऐका.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. आकाशी रंग, चकचकीत दिवा. शेडच्या टोकाला एक बाई उभ्या असायच्या. त्यांनी माझा ब्रेक दाबून पाहिला, चाक फिरवलं, पुन्हा दाबून पाहिला आणि मगच मला पुढे सोडलं. माझ्या ब्रेकची एवढी काळजी त्यानंतर कुणीही घेतली नाही.

मला विकत घेतलं ते भाड्याने स्कूटर देणाऱ्या एका मालकाने. त्याचं दुकान हॉटेलांकडून समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर होतं. परदेशी पाहुण्यांचा तिथे वर्षभर राबता. समोर एक लाँड्री, शेजारी चष्म्याचं दुकान. आमच्या मालकाला सगळा रस्ता 'गोड्या' म्हणायचा, कारण त्याच्या तोंडून कडू शब्द कधी कुणी ऐकला नव्हता. खरा शब्दही ऐकला नव्हता, पण तिकडे कुणाचं लक्ष नसे.

पहिलं वर्ष मजेत गेलं. रोज सकाळी मला पुसायचे, रांगेत सगळ्यांच्या पुढे उभी करायचे. नवी लग्न झालेली जोडपी माझ्यावर बसून फोटो काढायची. मग माझ्याहून नव्या स्कूटर आल्या आणि मी रांगेत मागे मागे सरकत भिंतीला लागले. एकदा मालकानेच मला आत घेताना भिंतीला घासलं आणि माझ्या उजव्या अंगाला लांब ओरखडा पडला. त्या एका ओरखड्याची भरपाई त्याने पुढे कितीतरी गिऱ्हाइकांकडून घेतली. "अरेरे, हे तुमच्याकडूनच झालं बघा," असं तो इतक्या हळव्या आवाजात म्हणायचा, की लोक पैसे देऊन वर माफीही मागायचे.

दुकानात एक मिस्त्री होता. खिशात कायम पाना, म्हणून नाव पडलं पान्या. तो महिनाभर सांगत होता, "मालक, हिचे ब्रेक-शू पार घासलेत. उतारावर थांबणार नाही ही."

"अरे, मी सांगतो ना लोकांना, हळू चालवा म्हणून."

त्याने कुणालाही सांगितलं नाही. मी रोज तिथेच होते.

आता त्या एका शब्दाबद्दल सांगते. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारायचं, "इन्शुरन्स आहे ना?" मालक माझ्या सीटवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "फुल्ल!" लोकांना वाटायचं, आपलं काही बरंवाईट झालं तर बघणारं कुणीतरी आहे. मित्रांनो, विमा माझा होता. माझ्या पत्र्याचा, माझ्या दिव्याचा. माझ्यावर बसलेल्या माणसाचा त्यात एक केससुद्धा नव्हता. आणि माझाही विमा खोटाच होता. मालकाने मला घरच्या वापराची गाडी म्हणून दाखवलं होतं. भाड्याने देतो, हे त्याने विमा कंपनीला कधी कळूच दिलं नाही.

एका सकाळी बहीणभाऊ आले. बहीण तिशीतली, खांद्याला भलीमोठी पर्स. भाऊ कॉलेज संपवून नुकताच कामाला लागलेला. आयुष्यातली पहिली परदेशवारी, त्यामुळे अंगात वारं भरलेलं.

"ताई, हीच घेऊ. रंग बघ कसला भारी आहे!"

"तुला दुचाकी कुठे येते?"

"कार येते ना? मग हिला तर गिअरसुद्धा नाहीत."

"आमच्याकडे शाळेतली पोरंसुद्धा चालवतात," मालक म्हणाला.

"लायसन्स लागत असेल ना पण?" ताईने विचारलं.

"याच्याकडे कारचं आहे ना? चालतंय की!"

"आणि इन्शुरन्स?"

"फुल्ल!" माझ्या सीटवर थाप बसली.

"आणि आपलापण आहेच की," धाकटा म्हणाला. "निघायच्या आधी तूच काढलास ना? केवढा मोठा आकडा होता त्यावर!"

मालकाने एक हेल्मेट पुढे केलं. त्याचा पट्टा तुटलेला होता. "हवं तर घ्या. पण उकडतं फार." धाकट्याने ते डोक्यावर ठेवलं. "ताई, कढई पालथी घातल्यासारखी दिसते का गं?"

"कढईला नावं नको ठेवूस. खालचं तोंडच तसं आहे."

दोघं हसली आणि हेल्मेट परत खिळ्याला गेलं. ताईला लाँड्रीतून कपडे आणायचे होते. तो एकटाच निघाला.

उतारावरच्या दुसऱ्या वळणाला त्याने ब्रेक दाबला. त्याने अगदी वेळेवर दाबला होता. माझ्याकडे थांबायला काही उरलंच नव्हतं. आम्ही दोघं दगडी कठड्यावर जाऊन आदळलो. तो ओरडला तेव्हा त्याने आईला नाही, ताईला हाक मारली.

आदळताना माझा वेगाचा काटा चाळिशीच्या थोडा पुढे होता. गाडी थांबली की काटा शून्यावर येतो. मी येऊ दिला नाही. धरून ठेवला. मित्रांनो, यंत्राच्या हातात फार थोडं असतं. माझ्या हातात एक काटा होता.

एका भाजीच्या टेम्पोवाल्याने धाकट्याला दवाखान्यात नेलं. पान्याने मला दुकानापुढे आणून उभं केलं. मालकाने लगेच माझ्या विमा कंपनीला फोन लावला. माझं नुकसान बघायला त्यांचा सर्व्हेअर चार दिवसांनी येणार होता. कंपनीला मालकाने काय सांगितलं असेल? "घरापुढे उभी होती हो. कुणीतरी ठोकून पळालं."

दुसऱ्या दिवशी ताई आली. कपडे कालचेच.

"मांडीचं हाड मोडलंय," ती म्हणाली. "आत सळई बसवायची आहे. पैसे भरल्याशिवाय ऑपरेशनला घेत नाहीत, आणि उशीर झाला तर पाय आखूड राहील म्हणतात. तुम्ही म्हणाला होतात, फुल्ल इन्शुरन्स आहे."

"आहे ना ताई! पण तो गाडीचा. माणसाचा विमा ज्याचा त्याने काढायचा असतो, नाही का?"

ताई माझ्या सीटवर मटकन बसली आणि तिने आपल्या प्रवास विम्याच्या कंपनीला फोन लावला. पलीकडची बाई अगदी अदबीने बोलत होती. दुचाकी तेच चालवत होते का? दुचाकीचं लायसन्स होतं का? हेल्मेट घातलं होतं का? पहिल्याला हो, पुढच्या दोन्हींना नाही.

"मॅडम, मग हा खर्च आमच्या पॉलिसीत बसत नाही."

"अहो, पहिल्या पानावर मेडिकल म्हणून एवढा मोठा आकडा छापलाय तुम्ही!"

"तो आम्ही जास्तीत जास्त किती देऊ, याचा आकडा आहे. कशासाठी देणार नाही, ते पुढे दिलंय."

"पुढे कुठे?"

"पान अकरा."

ताईने विचारलं, "आणि तो हॉटेलच्या जिन्यावरून पडला असता तर?"

"तर दिला असता, मॅडम."

ताईने फोनवरच पॉलिसी उघडली आणि पान अकरा मोठ्याने वाचलं. जणू मलाच वाचून दाखवत होती. वैध परवान्याशिवाय वाहन चालवणं. हेल्मेटशिवाय दुचाकी. दारू पिऊन झालेली इजा. आधीपासून असलेला आणि न सांगितलेला आजार. आगाऊ न कळवता केलेले धाडसी खेळ. सगळं साध्या भाषेत होतं. पॉलिसीत चांगल्या गोष्टीही होत्याच. अचानक आलेला ताप, पडझड, हरवलेली बॅग, हरवलेला पासपोर्ट. मागे ही दोघं उतरली होती त्याच हॉटेलातल्या एका शिक्षिकाबाईंचं मनगट मोडलं होतं. त्यांनी आधी कंपनीचा नंबर फिरवला, मग कंपनीने सांगितलेल्या दवाखान्यात गेल्या आणि खिशाला झळ न लागता घरी परतल्या. मालकाने त्यांनाही स्कूटर द्यायला पाहिलं होतं. "लायसन्स नाही माझ्याकडे," म्हणाल्या आणि चालत गेल्या.

मग आईचा फोन आला. "हो आई, बरा आहे तो. जेवला. नाही गं, आत्ता नको, झोपलाय." फोन ठेवून ताईने तोंड ओढणीत खुपसलं. पान्या पाणी घेऊन आला आणि खाली बघत म्हणाला, "ताई, ब्रेक नव्हता हिला. मी महिनाभर सांगत होतो."

ताई पाणी प्यायली. तिने डोळे पुसले. त्यानंतर ती रडलेली मी पाहिली नाही.

दुसऱ्या सकाळी दुकान उघडायच्या आधीच ती येऊन माझ्यावर बसली. गिऱ्हाईक आलं की विचारायची, "इन्शुरन्स हवाय ना? फुल्ल आहे. स्कूटरचा. तुमचा नाही. दुचाकीचं लायसन्स आहे, या देशात चालणारं? नाही? मग तुमची स्वतःची पॉलिसीही हात वर करेल. हिचं तोंड बघा. माझा भाऊ हिच्यावर होता." माझा फुटलेला दिवा, वाकलेलं चाक बघून लोक मागच्या मागे जात. एक नवरदेव तावातावाने म्हणाला, "आमची पॉलिसी वेगळी आहे!"

"उघडा."

त्याने मोबाइल उघडला, वाचला, बंद केला. त्याची बायको हळूच म्हणाली, "चल, बसने जाऊ."

मालक आधी हसला, मग विनवायला लागला. "ताई, का पोटावर पाय देताय?"

"पोटावर पायच ना? हाड तर नाही ना मोडलं तुमचं?"

मला किती आनंद होत होता म्हणून सांगू! इतकी वर्षं त्याने माझ्याकडून खोटं बोलवून घेतलं होतं. आता मी त्याच्याच दारात उभी राहून खरं सांगत होते.

सर्व्हेअर यायच्या आदल्या दिवशी मालकाचा धीर सुटला. ही बाई त्याच्यासमोर तोंड उघडेल आणि मग सगळ्याच गाड्यांचं पितळ उघडं पडेल, हे त्याला कळत होतं. "ऑपरेशनचे पैसे मी भरतो," तो म्हणाला. "पण उद्या तुमच्या तोंडून एक शब्द निघता कामा नये."

"आज भरा. माझ्यासमोर. मग माझ्याकडून एक शब्द निघणार नाही."

संध्याकाळपर्यंत त्याने दवाखान्यात पैसे भरले आणि धाकट्याला आत घेतलं. पान्याने येऊन सांगितलं तेव्हा मी मात्र आतून जळत होते. ताईचा मला राग नाही. तिला भावाचा पाय हवा होता. मला मालक हवा होता.

सर्व्हेअर आला. दुकान घर वाटावं म्हणून मालकाने पाटी काढून ठेवली होती, बाकीच्या गाड्या मागच्या गल्लीत लपवल्या होत्या. एवढं केलं, पण माझ्याकडे नीट पाहिलं नाही. पाहायची सवयच नव्हती त्याला. ताई समोर लाँड्रीच्या पायरीवर मांडीवर हात ठेवून बसली होती. धाकटा शुद्धीवर आला होता, पायात सळई बसली होती. ती फक्त बघायला आली होती.

"उभी होती गाडी?" सर्व्हेअरने विचारलं.

"अगदी जागच्या जागी. देवाशपथ!"

सर्व्हेअरने रुमालाने माझ्या मीटरच्या काचेवरचा चिखल पुसला. वाकून पाहिलं. मग सरळ होऊन म्हणाला, "उभी असताना चाळिशीने पळत होती वाटतं?"

मालकाने काटा पाहिला. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. "म्हणजे... भाचा चालवत होता माझा."

"बोलवा त्याला. लायसन्स घेऊन येऊ दे."

मालक गर्रकन वळला आणि लाँड्रीकडे बघून किंचाळला, "तुम्ही सांगितलंत याला! पैसे घेऊनसुद्धा बोललात!"

सगळा रस्ता थांबला. लाँड्रीवाला इस्त्री हातात धरून बाहेर आला. ताई जागची हललीसुद्धा नाही. "मी एक शब्द तरी बोलले का?" तिने विचारलं.

सर्व्हेअरने वही मिटली. "कसले पैसे?" त्याने मालकाला विचारलं. "आणि या कोण?"

मग तो स्वतःच मागच्या गल्लीत जाऊन लपवलेल्या गाड्या बघून आला. भाड्याच्या धंद्यातल्या गाड्या घरच्या म्हणून दाखवल्या, म्हणून आम्हा सगळ्यांचे विमे रद्द झाले. दुकानाचा परवाना गेला. शटर ओढलं गेलं आणि मी इथे भंगारात आले. मला एक पैशाचाही पश्चात्ताप नाही. माझ्या पत्र्याचं मोल देऊन मी ते बंद शटर विकत घेतलंय.

धाकटा विमानात तीन सीटवर आडवा पडून घरी गेला, असं मला इथे सोडताना पान्या सांगत होता. पाय आखूड राहिला नाही. थोडा लंगडतो.

मित्रांनो, तुम्ही लहान आहात, पण तुमच्या घरातली मोठी माणसं परदेशी निघतात. बॅग भरायला ती चार दिवस घेतात आणि विमा चार मिनिटांत काढतात. निघायच्या आधी त्यांना पकडून बसवा. आकड्याचं पान बाजूला ठेवायला सांगा आणि कशाचे पैसे मिळणार नाहीत ते पान तुमच्यासमोर मोठ्याने वाचायला लावा. आजार असेल तर तो सांगितलाय का, विचारा. तिकडे गाडी चालवणार असतील तर तिकडे चालणारं लायसन्स आहे का, विचारा. कंपनीचा फोन नंबर खिशात आहे का, बघा. ते तुम्हाला आगाऊ म्हणतील. म्हणू देत. आणि एखादा गोड माणूस गाडीच्या सीटवर थाप मारून "फुल्ल!" म्हणाला, तर त्याच्या डोळ्यांत बघून विचारा, "कुणाचा?"

त्याला उत्तर देता आलं नाही, तर तिथून चालत निघा. समुद्र कुठे पळून जात नाही.