ठोक्यांच्या जागा

तिसऱ्या गाण्यापर्यंत किसनरावांनी कसाबसा दम धरला. मग कानांवरचे हेडफोन काढून त्यांनी देवसिंगला विचारलं, "सुरू कवा होते हे?"

"सुरूच आहे नं," देवसिंग म्हणाला.

किसनरावांना ते पटणं शक्यच नव्हतं. ठोका पडल्याशिवाय गाणं सुरू झालं असं त्यांनी आजवर कधी मानलं नव्हतं. उमरखेडच्या आसपास लग्न असो, हळद असो की गणपतीची मिरवणूक, 'किसन-देवा म्युझिकल पार्टी' म्हणजे ही दोनच माणसं: देवसिंग राठोड कीबोर्डवर आणि किसनराव ऑक्टोपॅडवर. मिसरूड फुटलं तेव्हा जमलेली जोडी मिशा पिकल्या तरी टिकून होती. किसनरावांचे हात म्हणजे जन्माचे चळवळे. जेवताना ताटाच्या कडेवर, एसटीत पुढच्या सीटच्या दांडीवर, जिथे जागा मिळेल तिथे बोटं चालू. एकदा एका मयतीत ते गुडघ्यावर ताल धरून बसले होते. तेव्हापासून बायको, विजयमालाबाई, त्यांना अशा ठिकाणी हात खिशात घालूनच पाठवतात.

देवसिंग अल्बम काढतोय आणि त्यात ऑक्टोपॅड औषधालाही नाही, हे किसनरावांना स्टँडवरच्या चहावाल्याकडून कळलं होतं. इतक्या वर्षांत एकाने दुसऱ्याशिवाय एक सुपारीसुद्धा घेतली नव्हती, आणि हा गडी चक्क गुपचूप अल्बम करतो! त्यांची झोप उडाली. सकाळी गाडी काढून ते तडक देवसिंगच्या बंजारा तांड्यावर आले. जोडी मोडली एवढंच त्याने आपल्या तोंडाने सांगावं, मग पुन्हा त्याच्या दारात पाऊल टाकायचं नाही, असं वाटेत त्यांनी दहा वेळा घोकलं होतं. पण देवसिंगने भांडायची संधीच दिली नाही. आधी ऐकून घे म्हणाला आणि हेडफोन चढवले.

त्यात काय होतं? कीबोर्डचे लांबच लांब सूर, मध्येच कापसाच्या जिनिंगच्या मशीनची घरघर, कुठे वाऱ्याचा आवाज. नाचायला काही नाही, गुणगुणायला काही नाही. असलं कोण ऐकणार, असं ते तोंडावर बोलले. देवसिंगने फक्त पुढचं गाणं लावलं.

या वेळी सुरांखालून एका म्हातारीचा आवाज आला. किसनराव सरळ होऊन बसले. ती भुरीबाई होती, देवसिंगची याडी, म्हणजे आई, गेल्या पौषात वारलेली. तिच्या हातची भाकरी किसनरावांनी कितीदा खाल्ली होती. ती ढावलो गात होती. तांड्यावर मुलगी सासरी निघाली की माहेरच्या माणसांच्या गळ्यात पडून सुरात रडते, तो ढावलो. पोरींना तो शिकवायची भुरीबाईच. तिच्यामागे तो अख्खा कुणाला येत नव्हता.

पण आवाज तुटत होता. अर्धा शब्द यायचा आणि गायब. पुन्हा थोडा, पुन्हा गायब. वायर ढिली असेल म्हणून किसनरावांनी ती दाबून पाहिली. मग सवयीने त्यांची बोटं गुडघ्यावर चालू लागली, आणि प्रत्येक बोट नेमकं एकेका तुटक्या जागेवर पडू लागलं. डावं एकदा, उजवं दोनदा, शेवटचं जरासं लंगडत. ही त्यांची स्वतःची चाल होती. पाठवणीला ते हीच वाजवत आणि असं लंगडत वाजवणारा आसपास दुसरा नव्हता.

बोटं थांबली.

"राखीच्या लग्नातलं आहे हे?" त्यांनी विचारलं.

देवसिंगने होकारार्थी मान हलवली. राखी त्याची थोरली मुलगी. घरच्या माणसाचा आवाज कोण कधी मुद्दाम भरून ठेवतो? आई गेल्यावर शोधाशोध केली तेव्हा तिचं गाणं फक्त त्या लग्नाच्या व्हिडिओत सापडलं, तेही या दोघांच्या वाजवण्याखाली गाडलेलं. यवतमाळला एका स्टुडिओवाल्याकडून त्याने ते कॉम्प्युटरवर साफ करून घेतलं.

"कीबोर्ड निंघाला," देवसिंग म्हणाला. "तुहा ठोकाबी निंघाला. पण जितं जितं ठोका होता, तितं याडीचा आवाजबी त्याच्यासंगं गेला. म्हून त्या जागा म्या तशाच ठेवल्या. तुले कसं सांगू, तेच समजत नोतं."

किसनरावांना ती दुपार आठवली. मांडवाच्या तोंडाशी म्हातारी नातीच्या गळ्यात पडली होती, तिचे ओठ हलताना त्यांना दिसले होते. रडते आहे, असं वाटलं होतं त्यांना. आता त्यांना स्वतःच्या हातांची लाज वाटली, अगदी मनापासून.

"मले थांब म्हणाचं असतं ना लेका तवा."

"म्याच तुले मानेनं खुणावलं होतं, वाढव म्हणून. पाहुणे नाचून राह्यले होते."

मग देवसिंगने मोबाइलवर अल्बमचं कव्हर दाखवलं. नावं दोघांची होती, नेहमीसारखं किसनरावांचं आधी. त्या रिकाम्या जागी नवा ठोका टाकायचा असेल तर टाकू, गाणं भरल्यासारखं होईल, तुझा हक्क आहे, असंही तो म्हणाला.

किसनरावांनी हेडफोन पुन्हा कानांवर चढवले आणि गाणं पहिल्यापासून लावायला सांगितलं. संपल्यावर म्हणाले, "राहू दे तसंच."

वैशाखात शेजारच्या तांड्यावर लग्न होतं. दिवसभर दोघांनी जीव तोडून वाजवलं. पाठवणीची वेळ आली तशी किसनरावांनी काड्या पॅडवर आडव्या ठेवल्या. देवसिंगने त्यांच्याकडे पाहिलं आणि आपलेही हात पट्ट्यांवरून उचलले. वऱ्हाडी पोरं ओरडू लागली, पार्टीवाले मेले का म्हणून विचारू लागली. दोघांनी मान वर केली नाही. नवरी आईच्या गळ्यात पडली. एका म्हातारीने ढावलोची एक ओळ काढली, पुढची तिला आठवली नाही. नवरीला तर एकही येत नव्हती. ती नुसतीच रडली.

किसनरावांची बोटं वळवळत होती. नवरीची गाडी तांड्याबाहेर पडेपर्यंत ते दोन्ही तळवे मांड्यांखाली दाबून बसून राहिले.