पतंगाला मान, मला फावडं

मी गोबीतला लांबकान्या उंदीर बोलतोय. अंग मुठीएवढं, कान अंगाला न शोभणारे, मागचे पाय काटकुळे, शेपटीला काळा-पांढरा गोंडा. गेल्या उन्हाळ्यात या खोऱ्यात आम्ही पाच होतो. आता मी एकटा.

आईनं लहानपणीच बिळाबाहेर काढलं. ‘शीक आता,’ म्हणाली. काय शिकायचं ते सांगितलं नाही. थोरांची ही रीतच. उडी मारून पतंग धरायला मी माझा मीच शिकलो.

दिव्यावर झेपावणाऱ्या पतंगांना तोटा नाही. मातकट, एकासारखा एक. एक गेला की दहा हजर. तरी मान त्याचाच. संदुई म्हातारा दर उन्हाळ्यात माझ्या बिळाशेजारी नमद्याचा, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरीचा, तंबू ठोकतो. दिवेलागणीला पतंग आत शिरला की ओंजळीत धरून बाहेर आणतो. “जा बाबा, सुखी राहा.” मेलेला बाप पतंग होऊन घरी येतो, असं त्याचं म्हणणं. बापाची पिल्लं नमद्याला भोकं पाडतात, पण बापाला बोलणार कोण?

परवा त्यानं ओंजळ उघडली. मी भुकेला होतो. एक उडी मारली आणि गिळला.

“माझ्या बापाला खाल्लं यानं,” म्हणत म्हातारा फावडं घेऊन आला. बिळाची दोन तोंडं बुजवली. तिसऱ्यात मी अंग चोरून बसलो होतो.

त्याची सून सोलोंगो दुधाची बादली घेऊन येत होती. “मामंजी, काय मारताय?”

“उंदीर.”

“उंदीर कसला? आपण काय म्हणतो याला?”

म्हातारा फावड्याची माती झटकू लागला.

“म्हणा की.”

“अलाग दाग,” तो पुटपुटला. म्हणजे बांडं शिंगरू.

“मग शिंगराच्या डोक्यात फावडं घालणार? लोक दारात उभं करतील का? आणि तुमचे बाबा काल दिव्यावर अकरा होते, आज चौदा आहेत. एक गेला तर काय बिघडलं?”

इथं घोड्याच्या डोक्यावर कुणी चाबूकही उगारत नाही. म्हाताऱ्यानं फावडं खाली ठेवलं.

म्हणजे मी वाचलो तो नावामुळे. आम्ही किती उरलो, हे कुणी विचारलं नाही. शिंगरू म्हणा, काहीही म्हणा. फक्त ती दोन तोंडं मोकळी करा. एकाच दारावर माझं भागत नाही.

काल म्हातारा ओंजळ मिटून पार टेकडीपर्यंत चालत गेला. सुनेनं विचारलं, “एवढ्या लांब कशाला?”

“इथं कसा सोडू? इथं आपलं शिंगरू चरतंय.”