रेग्युलेटरवरचा लाल धागा

माझा साळा धनंजय भंडाऱ्यात तांब्या-पितळेची भांडी विकतो. गेल्या महिन्यात त्याने दुकानात काचेचं एक कपाट करून घेतलं. माझ्या इंजिनासाठी. मला न विचारता.

इंजिन हातभर लांब आहे, पण खऱ्या वाफेवर चालतं. तांब्याचा बॉयलर, खाली गॅसचा बर्नर, बाजूला दोन सिलिंडर. चिखल्याच्या खाणीत मी वर्कशॉपला फिटर होतो. निवृत्त झाल्यावर भंडाऱ्यात घर बांधलं, इंजिन घडवलं आणि अंगणात विटांच्या कठड्यावर रुळांचा वेढा टाकला. लोक बघायला येतात आणि विचारतात, सेल कुठं टाकता? अशांना मी पाणीही विचारत नाही.

अंगणाला उतार आहे. विहिरीकडच्या वळणावर इंजिन वेग घेतं आणि रूळ सोडतं. म्हणून तिथं माझी बायको रुखमा उभी राहायची. इंजिन आलं की वाकून, भाजू नये म्हणून पदर हाताला गुंडाळून, रेग्युलेटरची दांडी मागे ओढायची. वाफ कमी व्हायची. वळण पार झालं की या टोकाला मी ती पुन्हा उघडायचो. माघात रुखमा गेली. तेव्हापासून इंजिनावर फडकं टाकलेलं होतं.

तेरवीचं जेवून हात धुता धुताच धनंजय म्हणाला, "भाऊजी, आता एकट्याच्यानं हे चालत नाई. बॉयलरचा पत्रा माह्या दुकानातला, बहीण माही. शोकेसमदी ठेवतो. गिऱ्हाईक थांबून पायते."

पत्रा आणि बहीण त्याने एका दमात म्हटलं.

"दसऱ्याले ये," मी म्हणालो. "एकट्यानं चालवून दाखवतो. नाई चाललं त घेऊन जा."

म्हणून मला इंजिनाला रेडिओचा रिमोट लावावा लागला. वाफेच्या यंत्रात प्लास्टिकची डबी बसवायची म्हणजे मला किळस आली, पण गुडघे इंजिनामागे धावू देत नाहीत. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये काडेपेटीएवढी मोटर बसवली आणि तिचा हात तारेने रेग्युलेटरला जोडला. रिमोटची दांडी पुढे केली की वाफ उघडते, मागे घेतली की बंद होते. निदान व्हायला पाहिजे. पण तार लांब ठेवली तर बंद केल्यावरही वाफ गळायची, आखूड केली तर मोटर कण्हत बसायची. सगळा पावसाळा मी ती तार वाकवण्यात घालवला. शेवटी इंजिन मुंगीच्या चालीने चालायला लागलं आणि मला पाहिजे तिथं थांबायला लागलं. सरळ रुळावर. विहिरीकडे ते न्यायचं मन झालं नाही.

दसऱ्याच्या सकाळी धनंजय बायकोला, रूपाला, घेऊन आला. मी आंघोळीला गेलो तेवढ्यात त्याने यंत्राची पूजा उरकून टाकली. बाहेर येऊन बघतो तर इंजिन चिंचेने घासलेलं, देवघरातल्या घंटीसारखं चकाकत होतं. धुराड्यावर झेंडू, बॉयलरला कुंकू.

"पाहा भाऊजी, कसं चमकून राहिलं! बाराही महिने तुम्ही काळंच ठेवता."

"इंजिन हाय ते. तुही परात नव्हे."

मी फूल काढलं, कुंकू पुसलं, पाणी भरलं आणि बर्नर पेटवला. सेफ्टी व्हॉल्व्ह फुरफुरल्यावर रिमोटची दांडी पुढे केली. इंजिन सुरेख निघालं. उतार लागताच मी दांडी मागे घेतली. काही झालं नाही. पूर्ण मागे खेचली. इंजिन आणखीच जोरात गेलं, वळणावर उडालं आणि झेंडूच्या वाफ्यात आडवं पडलं.

मी पोचेपर्यंत धनंजयने ते उचललं, तेही बॉयलरला धरून. 'आई गं!' ओरडून त्याने ते परत वाफ्यात टाकलं आणि बोटं तोंडात घातली.

"शंभर डिग्रीच्या वर हाय ते," गॅस बंद करत मी रूपाला म्हणालो. "चहाची किटली बी असीच उचलते का हा?"

"रोजच," ओसरीवरून रूपा म्हणाली.

"हासा!" धनंजय म्हणाला. "पन ऐकलं का इंजिनानं कोनाचं? माही बहीण असती त तिनं रोखलं असतं."

हे त्याने खरं म्हटलं, म्हणून मला जास्तच राग आला. केबिनचं छप्पर काढलं. आत रेग्युलेटरच्या दांडीला लाल धागा गुंडाळलेला होता, सात-आठ वेढे, आणि त्याचं टोक मोटरच्या हातात गुरफटून गच्च बसलं होतं.

"हा कोनाचा शहाणपना?"

"पूजेचा धागा हाय भाऊजी. दुकानात तराजूले बी बांधतो."

"तराजू तुह्या मनानं चालते. हे वाफेनं चालते."

रूपा पदर तोंडाला लावून आत गेली. मी धागा कापला, तार सरळ केली, पुन्हा पाणी भरलं. धनंजय बोटं ओल्या फडक्यात धरून उभा राहिला.

या खेपेला उतारावर मी दांडी जराशी मागे घेतली आणि इंजिन हळू झालं. वळणावरून आरामात गेलं. दुसऱ्यांदा गेलं, तिसऱ्यांदा गेलं. रुखमा दांडी ओढायची तेव्हा इंजिनाला हिसका बसायचा. आता तोही बसत नव्हता. विहिरीपाशी कोणी उभं नव्हतं, आणि इंजिनाला कोणी लागतही नव्हतं. मला ते इंजिन आवडलं नाही.

"मानलं भाऊजी," धनंजय म्हणाला. "राहू द्या तुमच्यापाशी. कपाटात समया ठेवतो."

मी जिंकलो होतो. इंजिन समोर उभं राहून वाफ सोडत होतं. मी रिमोट त्याच्यापुढे धरला.

"घे. चालव."

"मले कुठं येते?"

"येत नाई म्हनूनच देऊन राहिलो."

त्याला काय समजलं कोण जाणे. चांगल्या हाताने त्याने रिमोट घेतला. मी विहिरीकडे चालत गेलो आणि वळणावर उभा राहिलो. तिकडून त्याने दांडी ढकलली, अर्थात पूर्ण.

"मागे घे, बैला! मागे!"

त्याने मागे घेतली, मग घाबरून पुन्हा पुढे केली. इंजिन उताराला लागलं. मी खांद्यावरचा दुपट्टा हाताला गुंडाळला आणि वाकलो.