रिसेट दाबल्यानंतर

विनीत वेलकरचा फोन आला तेव्हा मेघना कोचरेकर हिंदमाताच्या एका दुकानात आईच्या साडीला फॉल बघत होती.

"मॅडम, परवा तुमच्या वाइसवर अपघात झाला. दगडूचा पाय पेडलवर पडला आणि वाइस उघडली. त्याचा हात मोडलाय. तुम्ही एकदा येऊन तपासल्याचं लिहून द्या, म्हणजे कागद पुरे होतील."

फॉल तसाच काउंटरवर टाकून मेघना लोअर परळला निघाली. तिथल्या एका जुन्या औद्योगिक वसाहतीत विनीतचा तळमजल्यावर गाळा होता. वडिलांनी सुरू केलेला पितळी व्हॉल्व्हचा धंदा आता तो बघायचा. सात महिन्यांपूर्वी मेघनाने त्याच्या मिलिंग मशीनला हायड्रॉलिक वाइस, म्हणजे तेलाच्या दाबाने आवळणारी पकड, बसवून दिली होती. तोवर दगडू सावंत प्रत्येक जॉब, म्हणजे कापायचा पितळी तुकडा, हँडल फिरवून आवळायचा आणि दिवसाकाठी दीड-दोनशे वेळा तेच करायचा. मेघनाने ते काम मशीनच्या कंट्रोलरवर सोपवलं. प्रोग्रॅममधला छोटा मॅक्रो, म्हणजे आयत्या सूचनांचा तुकडा, मागणी करायचा, "जॉब धर". मशीनच्या आत सतत चालणारं लॅडर, म्हणजे अटींची साखळी, ती मागणी तपासायचं आणि मगच वाइसच्या तेलाच्या व्हॉल्व्हला वीज सोडायचं. तिचंच एक वाक्य होतं, मॅक्रो अर्ज करतो, मंजुरी लॅडर देतं. ते लॅडरही तिनेच लिहिलेलं होतं.

गाळ्यात मशीन बंद होतं. त्याच्या दाराच्या काचेवर मधोमध पांढरा तडा गेला होता. मोडका कटर आणि कोपरा चेपलेला पितळी जॉब कोणीतरी टेबलावर ठेवला होता.

"काच होती म्हणून वाचला," विनीत म्हणाला. "जॉब सुटून धाडकन इथे आदळला. हा दचकून मागे पडला आणि मनगट गेलं. अठ्ठावन्नचा झालाय मॅडम, आता लक्ष राहत नाही. इन्शुरन्सला कारण द्यावं लागतं, ऑपरेटरची चूक असं टाकू. पुढच्या महिन्यापासून दुसरा माणूस बघतोय मी. आणि हो, मागच्या बाजूची तीन मशीनं पण तुमच्याकडूनच करून घ्यायचीत."

"आधी बघू द्या," मेघना म्हणाली.

तिने कंट्रोलर चालू करून नोंदींचं पान उघडलं. कुठली कळ कधी दाबली, कुठला सिग्नल कधी बदलला, हे सगळं त्यात सेकंदासकट उतरत असतं. ती खालून वर वाचत गेली. दहा वाजून चोवीस मिनिटं सात सेकंद, रिसेट, म्हणजे चालू काम तिथेच थांबवणारी कळ. त्याच सेकंदाला वाइसचं आउटपुट शून्य, म्हणजे व्हॉल्व्हची वीज बंद. पेडलची नोंद त्या दिवशी सकाळपासून एकही नव्हती.

तिने लॅडर उघडलं. वाइसची ओळ सापडायला वेळ लागला नाही, कारण ती ओळ तिला तोंडपाठ होती. चुरा उडवणाऱ्या हवेच्या फवाऱ्यासाठी लिहिलेली ओळ तिने उचलून वाइसला लावली होती आणि फक्त नंबर बदलला होता. रिसेट झालं की आउटपुट बंद, ही अटही त्याबरोबर आली होती. फवारा बंद झाला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण या वाइसचा व्हॉल्व्ह वीज असेपर्यंतच जॉब धरायचा आणि वीज गेली की सोडायचा. दगडूने रिसेट दाबलं, कटर फिरवणाऱ्या स्पिंडलला थांबायला अजून दोन-तीन सेकंद होते आणि वाइस मोकळी झाली. फिरत्या कटरने जॉब उचलून फेकला.

मेघनाने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. विनीत शेजारी उभा राहून मोबाइलवर कुणाला तरी मेसेज करत होता. पडद्यावरच्या आकड्यांचा अर्थ त्याला कळत नव्हता आणि ते त्याने कधी लपवलंही नव्हतं. लपवायचं म्हटलं तर तिला काही पुसायचीसुद्धा गरज नव्हती. मशीन पुन्हा सुरू झालं की नव्या नोंदी जुन्यांना ढकलून देतात, चार-पाच दिवसांत हे पान आपोआप गेलं असतं.

"काय दिसतंय?" विनीतने विचारलं.

"उद्या सांगते. तोवर मशीन चालू करू नका." तिने पडद्याचे चार फोटो काढले. "दगडूकाका राहतात कुठे?"

दगडूची खोली लालबागला, चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. त्याची बायको मीराबाई दारातच तांदूळ निवडत बसली होती. गाळ्यातून कुणी आलंय म्हटल्यावर तिने सूप बाजूला सारलं, पण ये-बस काही म्हणाली नाही. प्लास्टरचा हात उशीवर ठेवून दगडू खाटेवर बसला होता.

"कटरचो आवाज बदललो," तो सांगू लागला. "कर्रर्र करून. म्हटलां, मोडलो हो. म्हणून रिसेट मारलंय. मगे काय झालां तां कळलांच नाय. विनीत म्हणता पेडलार पाय पडलो. पयल्यांदा मी नाय म्हटलंय. आता वाटता, पडलो असात. वय झालां ना गो."

यावर मेघना एकदम बोलून गेली.

"पाय नव्हता पडला, काका. मशीनमध्ये नोंद आहे. तुम्ही रिसेट दाबलंत आणि वाइस उघडली. ती उघडायला नको होती. माझ्या लिहिण्यात चूक होती."

तिने मोबाइलवरचे फोटो दाखवले. दगडूने मोबाइल चांगल्या हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. बोलली ती मीराबाई.

"तीन दिवस ह्यो माणूस धड जेवलो नाय. आपलीच चूक, आपलीच चूक, ह्यांच चाललां हा. आणि तू आज येतंस?"

आपल्याला आजच कळलं, हे मेघनाने सांगितलं नाही.

"म्हणजे रिसेट मारलंय तां बरोबर?" दगडूने विचारलं.

"अगदी बरोबर. तेच करायला हवं होतं."

त्याने मान हलवली. पुन्हा एकदा हलवली. मग म्हणाला, "तर ह्यां विनीतच्या तोंडावर सांग. माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडू हात गळ्यात बांधून गाळ्यात हजर होता. मेघनाने विनीतला फोटो दाखवून सगळं उभ्याउभ्या सांगितलं. विनीतचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"हे लेखी देणार तुम्ही?"

"आणलंय." तिने कागद पुढे केला. त्यावर सही होती.

विनीतने तो दोनदा वाचला. दगडूकडे न बघता "ठीक आहे, दगडू," एवढंच म्हणाला आणि केबिनमध्ये गेला.

दुरुस्तीला दोन दिवस लागले. मेघनाने जुना व्हॉल्व्ह काढून दोन कॉइलचा बसवला. एका कॉइलने धरायचं, दुसरीने सोडायचं आणि दोन्हींची वीज गेली तर आहे तसंच राहायचं. लॅडरमध्ये तिने नवी अट घातली, की स्पिंडल पूर्ण थांबल्याशिवाय सोडण्याची मागणी कुणाचीही असो, मॅक्रोची की पेडलची, मंजूर होणार नाही. मग रिकामा स्पिंडल फिरवून रिसेट दाबून पाहिलं, इमर्जन्सीचं लाल बटण दाबून पाहिलं. वाइस हलली नाही. दगडूने स्वतः पुढे होऊन पेडलवर पाय दिला आणि चांगला दाबून धरला. तरी हलली नाही.

"आणि पंपच बंद पडलो तर?" त्याने विचारलं. "हयसर लाइट जाता मधी मधी. तेलाचो दाब किती वेळ रवतलो?"

हा विचार मेघनाने केलाच नव्हता. मेन स्विच खाली ओढून ती घड्याळ लावून बसली. दाबाचा काटा सावकाश उतरू लागला आणि नवव्या मिनिटाला दगडूने डाव्या हाताने जॉब हलवून दाखवला. दुरुस्तीचा दुसरा दिवस त्यातच गेला. तेल मागे फिरू न देणारा एक व्हॉल्व्ह तिने वाइसच्या तोंडाशी बसवला. मग अर्धा तास झाला तरी काटा जागचा हलला नाही.

मागच्या तीन मशीनचं काम विनीतने दुसऱ्या कुणाला तरी दिलं. मेघनाला ते दगडूकडूनच कळलं. प्लास्टर निघाल्यावर तो पुन्हा कामावर जाऊ लागला होता. नवा माणूस काही आला नाही.

त्याआधीच, दुरुस्ती संपली त्या संध्याकाळी, मेघनाने दादरच्या घरी जुन्या कामांचे सगळे बॅकअप काढून एकेक लॅडर तपासलं होतं. अकरा कामं होती. दोन ठिकाणी तीच ओळ होती. पहिल्या मालकाला तिने लगेच फोन केला. त्याने पाच मिनिटं तोंडाला येईल ते सुनावलं, ते तिने ऐकून घेतलं आणि मशीन बंद ठेवायला लावलं. दुसरा फोनच उचलेना. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळा उघडायच्या वेळेला ती तिथे जाऊन उभी राहिली. आत मशीन सुरू झालं होतं आणि ऑपरेटर म्हणून एक बाई उभ्या होत्या, राधाबाई नावाच्या.

"हा जॉब पुरा होऊ द्या," मेघना त्यांना म्हणाली. "मधे रिसेट दाबू नका. झाला की मशीन थांबवा, मला तुम्हाला एक गोष्ट सांगायचीय."